रडूआत्याची प्रार्थना

रडूआत्या प्रार्थनेला बसली, की तोंडातून पहिला शब्द निघायच्या आधी तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. हुंदका नाही, आवाज नाही. डोळे मिटायचे आणि गालांवरून धार सुरू. लहानपणी आम्ही पोरं लोहा गावातल्या आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये मुद्दाम तिच्या पुढ्यात उलटं तोंड करून बसायचो आणि बोटं मोजायचो. पाच बोटं मोजून व्हायच्या आत पाणी आलं नाही, असं कधी झालं नाही. तिचं खरं नाव सगुणा. माझ्या वडिलांची ती चुलतबहीण. पण सगुणाबाई म्हटलं तर आमच्या गल्लीत कुणी ओळखलं नसतं. रडूआत्या म्हटलं की स्टँडवरचा रिक्षावालाही थेट तिच्या दारात नेऊन सोडायचा.

ती शाळेत खिचडी शिजवायची. नवीन कुणी विचारलं, की “धुरानं डोळे गेलेत माझे” म्हणून मोकळी व्हायची. खरं कारण तिनं मला एकदाच सांगितलं, तेही मी चांगला बाप्या झाल्यावर. तिचं एकुलतं एक मूल तीन वर्षांचं असताना तापानं गेलं. दफनाच्या वेळी बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं आणि रडू दिलं नाही. लेकरू प्रभूकडं गेलंय, तू आनंद कर, म्हणाल्या. आत्या म्हणाली, “तवा मी गप बसले. मग सहा महिने माझ्या तोंडातून प्रार्थनाच निघंना. एक दिवस चुलीम्होरं बसून रडले आन मग निघाली.” तेव्हापासून या दोन गोष्टी तिनं कधी वेगळ्या केल्या नाहीत.

कुणी आजारी असलं की तिला बोलावणं यायचं, पण तिची पद्धत लोकांना परवडण्यासारखी नव्हती. बाकीचे लोक पाच मिनिटांत डोक्यावर हात ठेवून, आमेन म्हणून, चहा घेऊन निघायचे. आत्या जमिनीवर फतकल मारून बसायची, खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घ्यायची आणि विचारायची, “कुठं दुखून राहिलं?” माणूस सांगायचा. ते ऐकून झालं की दुसरा प्रश्न: “आन त्याच्याहून जास्ती कुठं दुखतं?” यावर माणूस गप्प व्हायचा. आत्याही गप्प. तासभर गेला तरी तिची हरकत नसायची. मध्येच कुणी “रडू नका, रडू नका” करत पुढं आलं, तर ती त्याला पाणी आणायला पाठवायची, आणि पाणी आणलं की लिंबू आणायला. घरातली माणसं मोकळी रडल्यावरच तिची प्रार्थना सुरू व्हायची.

एकदा एक हवालदार गुडघा धरून आला. तो ख्रिस्ती नव्हता, बायकोनं पिच्छा पुरवला म्हणून आलेला. आत्यानं आपले दोन प्रश्न विचारले. तासाभरानं तो बाहेर पडला तेव्हा गुडघा होता तसाच होता, पण मेलेल्या भावाशी त्यानं शेवटपर्यंत अबोला धरला होता, हे अख्ख्या गल्लीला समजलं होतं. निघताना आत्या त्याला म्हणाली, “गुडघा हाडाच्या डॉक्टरला दाखवा साहेब. माझ्याच्यानं एवढंच व्हतं.”

आमेननंतर तिचं आणखी एक काम असायचं. “गोळ्या आना इकडं.” तिला वाचता यायचं नाही. गोळ्यांची पाकिटं, औषधाच्या बाटल्या ती मांडीवर घ्यायची, त्यांवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, “बापा, ह्याच्यात तुझा हात घाल.” मग घरातल्यांकडं वळून दम द्यायची, “आता ह्याच्यावर प्रार्थना झाली. चुकवायच्या न्हाईत.” डॉक्टरला न जुमानणारे कितीतरी म्हातारे आत्याच्या धाकानं वेळेवर गोळ्या घेत. नांदेडला कुणाला दाखवायला न्यायचं असलं तर ती स्वतः एसटीत शेजारी बसून जायची आणि रस्ताभर टॉवेलनं डोळे पुसत पुटपुटत राहायची. कंडक्टरला वाटायचं, म्हातारी मयतीला निघाली आहे.

आता माझं सांगतो. मी शमुवेल, हायस्कुलात विज्ञान शिकवतो. निरीक्षण, प्रयोग, अनुमान हे शब्द वर्षाला किमान शंभर वेळा फळ्यावर लिहितो. माझी मुलगी कृपा नऊ वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला, लहान मुलांना होतो तो. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, इन्शुलिनची सुई रोज, जन्मभर. माझी बायको मंगल तिथंच बाकावर बसून रडली. मी रडलो नाही. मी वहीत वेळा लिहून घेतल्या.

आत्या घरी आली. मंगलला जवळ घेऊन बसली, कृपाला मांडीवर घेतलं. सुयांच्या डब्यावर हात ठेवून तिची प्रार्थनाही झाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “शम्या, तू आजून रडला न्हाईस.” मी म्हणालो, “आत्या, मला शाळा आहे.” त्या दिवशी रविवार होता. पुढं दोन वर्षं जेव्हा भेटेल तेव्हा ती माझ्या चेहऱ्याकडं तशीच बघायची, आणि मी काही ना काही काम काढून सटकायचो.

त्याच सुमारास आमच्याकडं नवे पास्टर आले. अठ्ठावीस-तीसचे, हसतमुख, की-बोर्ड वाजवणारे. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे झालं ते त्यांच्या माथी मारून मोकळं होण्याचा मोह मलाही झाला होता. त्यांची शिकवण एवढीच होती, की विश्वास ठेवणाऱ्याच्या तोंडावर आनंद दिसला पाहिजे. देवानं बरं केलंय असं म्हणा, टाळ्या वाजवा, पुन्हा म्हणा. अश्रू म्हणजे शंका. चर्च भरायला लागलं. तरुण पोरं यायला लागली. आणि पहिल्या रांगेत रडूआत्या, टॉवेल भिजवत बसलेली.

पास्टर मला म्हणाले, “सर, तुम्ही मंडळीचे सेक्रेटरी आहात आणि त्यांचे नातलग. त्यांना जरा मागं बसायला सांगाल? नव्या लोकांना वाटतं, इथं कुणी वारलंय.” मी सांगितलं. सांगताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही, याची आज लाज वाटते. आत्या म्हणाली, “हाव, बसते मागं. देवाला मागलं बी दिसतंय.” पुढच्या रविवारपासून ती दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायला लागली.

मग तीन दिवसांच्या प्रार्थनासभा झाल्या. शेवटच्या दिवशी, रविवारी, कृपावर हात ठेवून पास्टरांनी प्रार्थना केली. त्या दिवशी सकाळी तिची साखर मी घरी तपासली होती. आकडा नेहमीपेक्षा सुरेख आला होता. आदल्या दिवशीच्या इन्शुलिनमुळं आला होता, हे माझ्या वर्गातल्या पोरानंही सांगितलं असतं. मला ते दिसलं नाही. मला दोन वर्षं जे हवं होतं तेच दिसलं. साक्ष द्यायला कोण येतंय, असं पास्टरांनी विचारलं आणि मी उठलो.

आमच्यात साक्ष म्हणजे साधी गोष्ट नाही. मंडळीसमोर उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, आणि ते देवासमोर सांगितलं असं धरतात. दिलेली साक्ष कुणी परत घेत नाही. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, “माझी मुलगी बरी झाली आहे.” टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत मी पुढचं वाक्य बोललो, जे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं: “आजपासून सुई बंद.” लोक उठून उभे राहिले. पास्टरांच्या डोळ्यांतही क्षणभर भीती दिसली, मग तेही टाळ्या वाजवू लागले. मागं चपलांपाशी आत्या बसलेली होती. तिचे हात मांडीवर होते.

त्या संध्याकाळी मी साखर तपासायचं यंत्र कपाटावर ठेवून दिलं. तपासणं म्हणजे संशय घेणं, असं मी मंगलला समजावलं. सोमवारी कृपा तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. मी ते बघत होतो. मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, “एक सुई देऊ का? कुणाला कळणार नाही.” मी म्हणालो, “देवाला कळेल. आणि रडू नकोस, तिच्यासमोर तर अजिबात नको.” संध्याकाळी आत्या आली. मी दारातच उभा राहिलो. “आत्या, आज नको. घरात रडारड झाली तर तिच्या विश्वासाला धक्का बसेल.” आत्यानं माझ्या खांद्यावरून आत डोकावायचा प्रयत्न केला. मग अंगणात जरा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरंच आहे.

मंगळवारी सकाळी कृपाला उलट्या सुरू झाल्या. मी शाळेत सुटी कळवली. दहाच्या सुमाराला ती अंथरुणावर पडून होती आणि छाती भरून श्वास घेत होती, लांबून धावत आल्यासारखा. तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळाचा वास येत होता. मला त्या वासाचा अर्थ माहीत होता. डॉक्टरांनी सांगितलेलं माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी पलंगाच्या कडेला बसून मोठ्यानं स्तुती करत होतो. थांबलो तर काय होईल याची मला भीती वाटत होती.

आत्या मागच्या दारानं आली. मंगलनंच कडी काढून ठेवली असावी. आत्या नेहमीसारखी जमिनीवर बसली, टॉवेल मांडीवर घेतला, कृपाचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. मी वाट बघत होतो. पाच बोटं झाली, दहा झाली. आत्यानं डोळे उघडले. ते कोरडे होते. तिचे डोळे तसे मी जन्मात पाहिले नव्हते.

“शम्या, मला रडू येईना,” ती म्हणाली. “म्या सकाळधरनं बघून राहिले, येईना. ह्या घरात तू रडायला जागाच ठिवली न्हाईस. म्या प्रार्थना कशी करू?”

“आत्या, विश्वास...” मी सुरुवात केली.

“तू गप ऱ्हा जरा.” ती कृपाकडं वाकली. “बाई माझी, कुठं दुखून राहिलं?”

“पोट,” कृपा म्हणाली. आवाज खोल गेला होता.

“आन त्याच्याहून जास्ती?”

कृपानं माझ्याकडं पाहिलं. मग तोंड आत्याच्या बाजूला वळवलं आणि श्वास घेत घेत, तुकड्या-तुकड्यांत म्हणाली, “आत्याआजी, मी बरी नाही झाले. मला रविवारपासूनच बरं वाटत नाही. पप्पांनी सगळ्यांना सांगितलं ना. मी बोलले असते तर पप्पा खोटे पडले असते.”

अकरा वर्षांची पोर दोन दिवस मरणाच्या दिशेनं चालली होती आणि बापाची अब्रू सांभाळत होती. मी पलंगावरून खाली कोसळलो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून ओरडून रडलो. दोन वर्षांचं सगळं बाहेर आलं. मला वाटलं, आता आत्या जवळ घेईल, पाठीवरून हात फिरवेल. आत्यानं माझी कॉलर धरली.

“रड,” ती म्हणाली, “पन रडत रडत चप्पल घाल. ऊठ. गाडी बघ जल्दी.”

शेजारी वाघमारे साहेब राहतात, तहसीलमध्ये आहेत. ते गाडी काढून ऑफिसला निघालेच होते. माझा अवतार बघून त्यांनी एक प्रश्न विचारला नाही, फक्त मागचं दार उघडलं. गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी कृपाचं बोट टोचलं आणि यंत्राचा आकडा बघून माझ्याकडं पाहिलं. “सुई कधीपासून बंद आहे?” मी सांगितलं. “कुणी बंद केली?” मी म्हणालो, “मी.” त्यांनी शिवी गिळली. सलाईन लावून, इन्शुलिन सुरू करून त्यांनी ॲम्ब्युलन्सनं नांदेडला पाठवलं.

त्या गाडीत आत्या खाली पाय दुमडून बसली होती. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, सायरन वाजतोय आणि ट्रॅक्टरवाला गाणी ऐकत मजेत चाललाय. कृपा हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. आणि आत्या रडत होती. नेहमीसारखी निःशब्द नाही, मोठ्यानं, नाक ओढत. “बापा, ही तुझीच हाय आन आमची बी हाय. आमी चुकलो. त्या नळीत तुझा हात घाल. तुझ्या मर्जीचं मला म्हाईत न्हाई, मला लेकरू पायजे.” ॲम्ब्युलन्समधला डॉक्टर म्हणाला, “आजी, रडा, पण सलाईनचा हात सोडा.” तिनं हात सोडला आणि कृपाचा पाय धरला. मीही रडत होतो. आम्ही दोघांनी त्या तासभरात जी प्रार्थना केली, तिच्यात टाळी वाजवण्यासारखं काही नव्हतं.

कृपानं दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर आम्ही काही करू शकलो नसतो.

पास्टर भेटायला आले तेव्हा मी आणि आत्या वॉर्डाबाहेर बसलो होतो. ते उभेच राहिले. मग आत्याला म्हणाले, “आत्या, मी तर विश्वासच शिकवला. माझं कुठं चुकलं?”

आत्या म्हणाली, “बाळा, प्रभू दोस्ताच्या कबरीपाशी गेलता. त्याला ठावं व्हतं, आपून दोस्ताला आता मरणातनं उठवणार हाय. तरी बी रडला. त्याचा इश्वास कमी व्हता काय?” पास्टरांनी मान खाली घातली. “बसा,” ती म्हणाली आणि सरकून जागा केली. “तुमचं कुठं दुखतं?” मी चहा आणायला उठलो. परत आलो तेव्हा पास्टर भिंतीकडं तोंड करून उभे होते आणि आत्याचा टॉवेल त्यांच्या हातात होता.

कृपाला घरी आणल्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा माईक घेतला. म्हणालो, “माझी साक्ष खोटी होती. माझी मुलगी आजारी आहे. ती रोज सुई घेते, आणि ती जिवंत आहे.” कुणी टाळी वाजवली नाही. मधल्या रांगेतली एक बाई रडायला लागली, मग दुसरी. तिसरीनं उठून सांगितलं, की तिच्या नवऱ्यानंही टीबीच्या गोळ्या सोडल्या आहेत. त्या दिवशी उपासना दुपारपर्यंत लांबली. शेवटी पास्टर स्वतः आत्याला पुढं बसवायला गेले. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. हितं चपला जवळ असत्यात, बलावणं आलं की निघता येतं.”

यंदाच्या उन्हाळ्यात आत्याला झटका आला. नांदेडला आठ दिवस होती. सगळी मंडळी रडली, सगळ्यांनी प्रार्थना केली, डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. ती गेली. बरं होण्यासाठी केलेल्या त्या प्रार्थनेचं काय झालं, असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर नाही. तिच्यासारखं दुसरं माणूस मला आता भेटायचं नाही, एवढं कळतं.

भर दुपारी दफन होतं. कब्रस्तानात सावलीला एक झाड नाही. हवालदारापासून वाघमारे साहेबांपर्यंत सगळे आलेले. पास्टर कबरीपाशी उभे राहून प्रार्थना करत होते, सगळ्यांच्या माना खाली होत्या. शेजारी उभ्या असलेल्या कृपानं, आता ती तेरा वर्षांची आहे, माझी बाही ओढली. मी डोळे उघडले नाहीत. तिनं पुन्हा ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पप्पा, मला बरं वाटत नाही.”

पास्टर वाक्य अर्धवट टाकून थांबले. मंगलनं पाण्याची बाटली काढली, मी कृपाला मातीच्या ढिगावर बसवलं, पिशवीतली ग्लुकोजची पुडी फोडून तिच्या तोंडात रिकामी केली. सुई घेणाऱ्याची साखर कधी कधी अशी एकदम खाली येते; उन्हानं तिची उतरली होती. गावातले एवढे लोक गप्प उभे राहून आमच्याकडं बघत होते, आणि मी तिचा घामेजलेला हात धरून सगळ्यांसमोर रडत होतो. माझ्या मुलीला बरं वाटत नव्हतं आणि तिनं ते मला सांगितलं होतं.